पट्टकादंबांच्या माहेरीं जावयाचें तर

कुंभारगांव हें इंदापूर तालुक्यांतील भीमाकांठचें एक खेडें आहे. डिसेंबरांत पहाटेच्या वेळीं तेथील पाण्याच्या कडेला उभें राहिलें, म्हणजे धुक्यांतून आधीं आवाज येतो आणि पक्षी मागाहून दिसतात. आवाज किंचित् अनुनासिक व बराचसा भांडखोर असतो. मग बदकाहून चांगल्याच मोठ्या, राखी रंगाच्या पक्ष्यांची एक रांग हरभऱ्याच्या रानांतून उठून पाण्याकडे येते. पांढऱ्या डोक्याच्या मागच्या अंगास दोन काळे आडवे पट्टे, ही त्यांची खूण. पुस्तकांत त्यांना पट्टकादंब असें भारदस्त नांव दिलेलें आहे. आमच्याकडील शेतकरी मात्र नांवागांवाच्या भानगडींत न पडतां त्यांना हाकलून देतात. कारण कोवळा हरभरा आणि गहूं या पाहुण्यांना फार प्रिय आहे.

भीमेवरील उजनीचें धरण 1980 सालीं पुरें झालें आणि त्याचा पाणफुगवटा इंदापूर तालुक्यांतील कित्येक गांवांच्या जुन्या जागांवर पसरला. माझें आजोळ त्याच पाण्याखालीं आहे. एखाद्या कडक उन्हाळ्यांत पाणी फार ओसरलें, तर पळसदेवचें प्राचीन दगडी देऊळ वर येतें, आणि जुन्या ओळखीच्या माणसाला भेटावयास जावें तसे आम्ही तें पाहावयास जातों. ज्या रानांतून माणसें उठलीं, तेथें हे पक्षी दरसाल हिवाळ्यांत येऊन राहतात आणि मार्चच्या सुमारास निघून जातात. माझे मेहुणे साखर कारखान्यांतील नोकरींतून निवृत्त झालेले. त्यांना या पक्ष्यांचें मोठें वेड. किती आले, कोणत्या तारखेस आले, शेवटचा थवा केव्हां गेला, हें सर्व ते एका जाड वहींत मांडून ठेवतात. “दाजी,” ते मला म्हणावयाचे, “पाहुणे ज्या गांवाहून येतात तें गांव एकदां डोळ्यांनीं पाहून यावयास पाहिजे.”

तें गांव कोणतें, हें पुस्तकांत सांपडलें. हे पक्षी हिमालय ओलांडून तिबेट, मंगोलिया वगैरे मध्य आशियांतील उंच सरोवरांवर अंडीं घालतात. आपल्या देशांत राहून तें पाहावयाचें असेल, तर लडाखांत जावें लागतें. तेथें रुपशू नांवाच्या ओसाड प्रदेशांत, डोंगरांच्या मधल्या खोऱ्यांत, त्सो मोरीरी हें तळें आहे. पंचवीस किलोमीटरांहून अधिक लांब, मचूळ पाण्याचें आणि पाण्यास बाहेर जावयास वाट नसलेलें. 2002 सालीं रामसर येथील कराराच्या यादींत त्याचा समावेश झाला. समुद्रसपाटीपासून त्याची उंची 4,522 मीटर आहे. बारामती साडेपांचशे मीटरांच्या आंतबाहेर. म्हणजे हें तळें बारामतीच्या आठपटींहून अधिक उंचावर. हा आंकडा आम्हीं वाचला, ‘थंडी असेल, दोन स्वेटर जास्त घेऊं’ असें म्हटलें आणि पान उलटलें. पुढील सर्व फजितीचें मूळ त्या पान उलटण्यांत आहे.

आम्ही तिघे निघालों. मी, माझी पत्नी व तिचे हे धाकटे भाऊ. प्रवास घडवून आणणाऱ्या एका कंपनीनें सात दिवसांचा कार्यक्रम छापून दिला होता. दिल्लीहून विमानानें थेट लेह. त्याच दिवशीं दुपारीं शांतिस्तूप आणि राजवाडा. दुसऱ्या दिवशीं खार्दुंग खिंड ओलांडून नुब्रा. तिसऱ्या दिवशीं पांगाँग तळें. पांचव्या दिवशीं त्सो मोरीरी. कार्यक्रम भरगच्च दिसत होता आणि पैसे वसूल होणार म्हणून आम्हांस आनंदच झाला. लेहला उतरलों त्या संध्याकाळींच मेहुण्यांचें डोकें दुखूं लागलें होतें. त्यांनीं तें कोणास सांगितलें नाहीं. आपल्यामुळें इतरांचा विरस नको, हा आपल्याकडील सभ्य माणसाचा स्वभाव. आणि वर पहाडांत तोच घातक ठरतो.

तिसऱ्या रात्रीं पांगाँगच्या कांठीं, सव्वाचार हजार मीटरांच्या उंचीवर, तंबूंत त्यांना खोकला सुरू झाला. पडलें कीं दम लागे, म्हणून ते उठून बसले. कांहीं वेळानें बसूनही दम लागूं लागला. ओठ निळसर दिसूं लागले. माझ्या पत्नीनें त्यांच्या पाठीवर हात ठेवला, तेव्हां आंत पाणी खदखदल्यासारखें हातास जाणवत होतें. आतां यांना खालीं न्यावयाचें, एवढें आम्हांस कळलें. परंतु खालीं म्हणजे कोठें? पांगाँगहून लेहला येणारा रस्ता चांग खिंडीवरून जातो, आणि ती खिंड पांच हजार मीटरांहून उंच आहे. ज्या माणसाला तांतडीनें खालीं उतरवावयाचें, त्याला आधीं वर चढवावें लागणार! हा भूगोल आम्ही रात्रीं दीड वाजतां शिकलों. आमचा लडाखी चालक शहाणा होता. त्यानें खिंडीच्या अलीकडचें, तळ्याहून थोडें खालीं असलेलें तांगत्से गांव गांठलें. तेथें आरोग्य केंद्रांत प्राणवायु मिळाला, आणि सकाळीं प्राणवायूच्या नळकांड्यासह रुग्णवाहिकेंतून खिंड ओलांडून त्यांना लेहला आणलें. चार दिवस रुग्णालयांत काढून आम्ही परत आलों. मेहुणे वांचले. पट्टकादंब कोणींच पाहिले नाहींत.

फुफ्फुसांत पाणी उतरण्याचा हा प्रकार एकदां झाला, कीं त्या माणसाला पुन्हा होण्याचा संभव पुष्कळ असतो, म्हणून डॉक्टरांनीं त्यांना तेवढ्या उंचीवर जाण्याची साफ मनाई केली. दोन वर्षांनीं मी आणि माझी पत्नी पुन्हा गेलों, आणि त्या प्रवासाची आखणी मेहुण्यांनीं घरीं बसून केली. ज्याला जावयाचें नाहीं त्यानें केलेली आखणी फार बारकाईची असते, असा माझा अनुभव आहे. तिच्यांतील महत्त्वाचा भाग आज सांगावयाचा आहे. परंतु त्याआधीं हवेविषयीं थोडें बोललें पाहिजे, कारण सर्व आखणी त्यावर उभी आहे.

वर प्राणवायूचें प्रमाण कमी असतें, असें पुष्कळ सुशिक्षित लोकही म्हणतात. मीही वर्गांत मुलांना बरींच वर्षें तसेंच सांगत आलों. वस्तुतः प्रमाण तेंच असतें. इंदापुरांतही हवेच्या शंभर भागांत सुमारें 21 भाग प्राणवायु आणि त्सो मोरीरीलाही तितकाच. कमी होतो तो हवेचा दाब. कडब्याची गंज डोळ्यांपुढें आणा. तळच्या पेंढ्या वरच्या ओझ्यानें दबून घट्ट झालेल्या असतात, माथ्यावरच्या सैल. हातभर जागेंत तळाशीं जितका कडबा सांपडेल, तितका माथ्याशीं सांपडत नाहीं. आपण हवेच्या गंजीच्या तळाशीं राहणारे लोक. लेह 3,500 मीटरांवर आहे. तेथें हवेचा दाब समुद्रकांठच्या दाबाच्या सुमारें 65 टक्के असतो, त्सो मोरीरीला 57 टक्क्यांच्या आसपास, आणि साडेपांच हजार मीटरांवर अर्धा. श्वास आपण पूर्वींएवढाच घेतला, तरी त्यांतून हातीं लागणारा प्राणवायु त्या हिशेबानें उणा होतो.

शरीर ही तूट भरून काढावयास लगेच लागतें, पण सावकाश. प्रथम श्वास जलद होतो. श्वास जलद झाल्यानें कर्बवायु अधिक बाहेर पडतो, रक्तांतील अम्लता घटते, आणि मेंदूला वाटतें कीं श्वास जास्त झाला, आतां थांबावें. म्हणून नव्या माणसाचा श्वास झोपेंत कांहीं क्षण थांबतो आणि मग तो दचकून उठतो. पुढें मूत्रपिंडें रक्तांतील जादा क्षार लघवीवाटे काढून टाकूं लागतात, तेव्हां मेंदूची ती तक्रार मिटते. या कामास कांहीं दिवस लागतात. रक्तांतील तांबड्या पेशी वाढावयास तर आठवडे लागतात. हा सर्व व्यवहार माणसाच्या ताकदीवर अवलंबून नाहीं, हें विशेष. सूर्यनमस्कार घालणारा तरुण पुतण्या आणि संधिवाताची आत्याबाई यांपैकीं आधीं कोण आडवें होईल, हें कोणास सांगतां येत नाहीं. उलट तरुण माणूस धावपळ करतो आणि लवकर फसतो.

ही विद्या आपल्या देशाला फार महाग पडलेली आहे. 1962 च्या चिनी युद्धाच्या सुमारास सखल प्रदेशांतील जवान एकदम उंच ठाण्यांवर न्यावे लागले आणि त्यांच्यांत डोकेंदुखी, वांत्या, फुफ्फुसांतील पाणी हे विकार मोठ्या प्रमाणावर दिसले. इंदर सिंग आणि त्यांच्या सहकारी डॉक्टरांनीं अशा 1,925 जवानांचा अभ्यास करून 1969 सालीं ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’ या अमेरिकन वैद्यकीय साप्ताहिकांत तो प्रसिद्ध केला. पहाडी आजारावर पुढें जगभर जें लिहिलें गेलें, त्यांत या निबंधाचा आधार वारंवार घेतलेला असतो.

मग पट्टकादंबांना कांहीं कां होत नाहीं? त्यांच्या रक्तांतील हिमोग्लोबिनाची घडण आपल्याहून निराळी असून विरळ हवेंतूनही तें प्राणवायु घट्ट पकडतें. त्यांचीं फुफ्फुसें मोठीं, श्वास खोल, आणि पंखांच्या स्नायूंत केशवाहिन्यांचें जाळें दाट असतें. त्यांच्या अंगावर यंत्रें बसवून संशोधकांनीं उड्डाणें मोजलीं, तेव्हां 7,290 मीटर ही उंची नोंदली गेली. परंतु मला अधिक मौज दुसऱ्याच गोष्टीची वाटली. इतकें सामर्थ्य असूनही हा पक्षी उगीच उंच जात नाहीं. बहुतेक वेळ तो साडेपांच हजार मीटरांच्या खालींच राहतो, डोंगर चढला तर चढतो, दरी आली तर पुन्हा खालीं उतरतो, आणि मोठी चढण बहुधा रात्रीं किंवा पहाटे, हवा गार व दाट असतांना, उरकतो. आमच्या पहिल्या सहलीचा कार्यक्रम आंखणाऱ्यापेक्षां पक्ष्याला अक्कल अधिक, असें मेहुणे म्हणाले, आणि मला तें खोडून काढतां आलें नाहीं.

आतां आखणीकडे वळूं. डॉक्टर मंडळींचा सर्वसाधारण नियम असा, कीं तीन हजार मीटरांच्या वर गेल्यावर एका रात्रीहून दुसऱ्या रात्रीची झोपण्याची जागा पांचशे मीटरांहून अधिक उंच नसावी, आणि दर तीन-चार दिवसांनीं एक रात्र त्याच उंचीवर काढावी. दिवसां खिंड ओलांडली तर चालतें, पण झोपावयाचें खालीं. हा नियम हातांत धरून नकाशाकडे पाहिलें, कीं रस्ता आपोआप ठरतो. विमानानें दिल्लीहून तासा-दीड तासांत लेहला उतरणें म्हणजे पहिल्या पायरीवरून एकदम माडीवर उडी. ज्यांना दुसरा इलाज नाहीं त्यांनीं उतरल्यावर निदान दोन पूर्ण दिवस खोलींत व आंगणांतच काढावेत. मनालीकडून मोटारीनें जाण्याची पुष्कळांना हौस असते; पण त्या वाटेंत सरचू येथें सुमारें 4,300 मीटरांवर मुक्काम पडतो, आणि पुढें पांच हजारांपलीकडच्या खिंडी. तरुणांनाही तेथें त्रास होतो. आमच्या वयास तो रस्ता मेहुण्यांनीं तांबड्या पेन्सिलीनें खोडून टाकला.

उरला श्रीनगरकडचा. पुण्याहून जम्मूला जाणारी झेलम एक्स्प्रेस आमच्या दौंडवरूनच जाते. जम्मूहून काश्मीर खोऱ्यांत जावयास मोटारीचा जुना रस्ता आहेच. शिवाय 6 जून 2025 पासून कटऱ्याहून श्रीनगरपर्यंत आगगाडीही सुरू झालेली आहे. श्रीनगर 1,585 मीटर. तेथें दोन रात्री. मग सोनमर्ग, सुमारें 2,700. तेथून झोजी खिंड ओलांडून कारगिल, 2,676 मीटर. खिंड 3,528 मीटरांची आहे, पण आपण तिच्यावर झोपत नाहीं. कारगिलला दोन रात्री. पुढें फोटू खिंड, 4,108 मीटर, हा या रस्त्याचा माथा. ती उतरून सिंधूच्या कांठीं आल्ची येथें मुक्काम, 3,100 मीटर. तेथील मठांत आठ-नऊशें वर्षांपूर्वींचीं भिंतीवरील चित्रें आहेत, तीं पाहण्यांत एक दिवस सुखानें जातो. मग लेह. अशा रीतीनें आठ दिवसांत चढलेली पायरी विमानानें दीड तासांत चढतां येते, आणि ते आठ दिवस वांचविण्याच्या नादांत पुढचे आठ रुग्णालयांत जातात.

लेहला तीन रात्री काढून आम्ही सिंधूच्या कांठाकांठानें वर निघालों. एकदम त्सो मोरीरीस न जातां चुमाथांग येथें, सुमारें 4,000 मीटरांवर, एक मुक्काम केला. तेथें नदीच्या कडेलाच उकळत्या पाण्याचे झरे आहेत. दुसऱ्या दिवशीं माहेचा पूल ओलांडून तळ्याकांठच्या कोरझोक गांवीं. प्रत्येक मुक्कामापुढें मेहुण्यांनीं आणखी एक रकाना आंखला होता: ‘येथून खालीं जावयाची वाट कोणती, आणि ती आधीं वर चढते काय?’ कोरझोकहून परततांनाही एक खिंड लागते. पण ती तळ्याहून फारशी उंच नाहीं आणि पलीकडे उतार सरळ सिंधूपर्यंत आहे. हा रकाना मला कोणत्याही प्रवासपुस्तकांत आढळला नाहीं.

ऋतु कोणता निवडावा, याविषयीं बारामती-इंदापूरच्या माणसाला फार समजावून सांगावें लागत नाहीं. सह्याद्रीनें पाऊस अडविला म्हणजे पलीकडच्या रानाची काय दशा होते, हें आपण पिढ्यान्‌पिढ्या पाहत आलों आहों. लडाख हें हिमालयाच्या आडोशाचें तसेंच कोरडें रान. लेहला वर्षाकांठीं शंभर मिलीमीटरांच्या आसपास पाऊस पडतो, तो आपल्या दुष्काळी गांवाहूनही उणा. आपल्याकडे नीरेचा डावा कालवा आला आणि उंसाचे मळे झाले. तिकडे बर्फ वितळून आलेलें पाणी लहान पाटांनीं जवाच्या शेतांत नेतात, आणि कोणाची पाळी केव्हां हें ठरविणारा चुरपोन नांवाचा गांवचा माणूस असतो. म्हणजे आपला पाटकरीच! माझी पत्नी आल्चीला एका शेताच्या बांधावर अर्धा तास त्या पाटाकडे पाहत बसली होती. असो. जून ते सप्टेंबरचा मध्य हा जाण्याचा काळ. पिलें पाहावयाचीं तर जुलै उत्तम. मात्र कोरड्या मुलुखांतही ढगफुटी होते. 2010 च्या ऑगस्टमध्यें 5 तारखेच्या रात्रीं लेहमध्यें ती होऊन मोठी प्राणहानि झाली. आणि काश्मीरकडील रस्ते दरडींनीं अडतात. म्हणून परतीच्या तिकिटाआधीं दोन दिवस मोकळे ठेवावेत.

प्रकृतीची तपासणी दोन महिने आधीं करावी, निघण्याच्या आदल्या आठवड्यांत नव्हे. रक्तदाब, हृदय, आणि विशेषतः बायकांच्या रक्तांतील हिमोग्लोबिन. कारण जें वाहन प्राणवायु वाहतें तेंच उणें असेल, तर विरळ हवेंत दुहेरी तूट येते. माझ्या पत्नीचें हिमोग्लोबिन कमी निघालें आणि तीन महिने औषध घेऊन तें वर आणावें लागलें. तोंपर्यंत तारीख पुढें ढकलली. अॅसिटाझोलामाइड नांवाची गोळी शरीराची जुळवणूक लवकर करविते, हें खरें. पण ती शेजाऱ्याच्या सांगण्यावरून घेऊं नये. ज्यांना सल्फा जातीच्या औषधांचें वावडें आहे त्यांनीं तर डॉक्टरांस तें आवर्जून सांगावें. झोपेच्या गोळ्या व मद्य हीं दोन्ही वर्ज्य.

रक्तांतील प्राणवायु मोजण्याचें बोटाला लावावयाचें यंत्र आतां घरोघर आहे. लेहला पोहोचल्यावर त्यांत 85 ते 90 चा आंकडा आला, तर घाबरण्याचें कारण नाहीं. उलट आंकडा चांगला असूनही माणूस आजारी असूं शकतो. म्हणून मेहुण्यांनीं एका पुठ्ठ्यावर चार प्रश्न लिहून दिले होते, आणि ते सकाळ-संध्याकाळ आम्हीं एकमेकांस विचारावयाचे, असा दंडक होता. डोकें दुखतें काय? जेवण गेलें काय? मळमळतें काय? टांचेला चवडा लावीत सरळ रेषेंत दहा पावलें चालतां येतें काय? पहिल्या तिहींपैकीं डोकेंदुखीसह एक जरी होकार आला, तरी त्या दिवशीं वर चढावयाचें नाहीं, तेथेंच राहावयाचें. चालतांना तोल गेला, किंवा बसल्या जागीं धाप लागली, तर मेंदूस अगर फुफ्फुसास पाणी धरलें असें समजून त्याच क्षणीं खालीं निघावयाचें. सकाळची वाट पाहावयाची नाहीं. पुठ्ठ्याच्या तळाशीं मोठ्या अक्षरांत होतें, “लपवावयाचें नाहीं.” तें कोणी आणि कां लिहिलें, हें आम्हां दोघांस ठाऊक होतें. लेहच्या दुसऱ्या दिवशीं माझेंच डोकें दुखलें. मी ‘नाहीं’ म्हणणार होतों. पुठ्ठा समोर होता म्हणून ‘होय’ म्हणालों, आणि एक रात्र आणखी लेहमध्यें राहिलों.

सामानाविषयीं थोडक्यांत. दर हजार मीटरांस तापमान सुमारें साडेसहा अंशांनीं उतरतें; तेव्हां इंदापूर आणि कोरझोक यांत सव्वीस अंशांचें अंतर धरून कपडे घ्यावे. ऊन मात्र कडक असतें, काळा चष्मा व टोपी हवीच. वर पाणी 85 अंशांच्या आसपासच उकळतें, त्यामुळें डाळ शिजतां शिजत नाहीं आणि चहाला रंग चढत नाहीं; दाबाचें भांडें नसेल तेथें वरणभाताचा हट्ट धरूं नये. मेतकूट, सुंठवडा व दशम्या यांनीं आमचा चांगला निभाव लागला. दुसऱ्या राज्यांतील आगाऊ भरण्याचें, म्हणजे प्रीपेड, मोबाइल कार्ड लडाखांत चालत नाहीं. मागाहून बिल येणारें लागतें. रोख पैसे बरोबर असावेत. कारू गांवानंतर पेट्रोलच्या पंपाचा भरंवसा धरूं नये. सीमेजवळच्या भागासाठीं परवाना व पर्यावरण शुल्क यांचे नियम अधूनमधून बदलतात. ते निघण्यापूर्वीं लेहच्या प्रशासनाकडून समजून घ्यावे आणि ओळखपत्राच्या चार-पांच प्रती जवळ ठेवाव्या. लेहला सोनम नोर्बू स्मारक रुग्णालय आहे. त्याचा दूरध्वनि वहींत आधींच लिहून ठेवावा. हें सर्व कंटाळवाणें आहे, याची मला जाणीव आहे. मुलांना पाढे शिकवितांनाही तीच अडचण येत असे.

कोरझोकला आम्ही दुपारीं पोहोंचलों. तळ्याचा रंग मला सांगतां येणार नाहीं. निळ्या रंगाची माझी यादी तेथें संपली. गांवांत एक मठ, दगडमातीचीं घरें, आणि वरच्या कुरणांत चांगपा धनगरांचे तंबू. हे लोक पश्मिन्याच्या शेळ्या पाळून कुरणामागें फिरतात. आमचे फलटण-माळशिरसकडे फिरणारे मेंढपाळ पाहिलेल्या माणसाला त्यांचें बिऱ्हाड फार अनोळखी वाटत नाहीं. त्या दिवशीं आम्ही खोलींतच बसलों. दुसऱ्या दिवशीं सकाळीं स्थानिक वाटाड्याबरोबर तळ्याच्या उत्तरेकडील दलदलीपर्यंत, पावलापावलानें, मध्यें थांबत गेलों. पक्ष्यांच्या फार जवळ जावयाचें नाहीं, असें वाटाड्यानें बजावलें. प्रवासी व छावण्या यांच्या उष्ट्यावर वाढलेलीं भटकीं कुत्रीं अंडीं आणि पिलें खातात, हें या तळ्यावरील मोठें संकट आहे. माणूस जवळ गेला, कीं पक्षी उठतो आणि कुत्र्यास वाट मोकळी होते. आमच्या दशम्यांचे कागदसुद्धां आम्हीं परत लेहला आणले.

आणि तेथें ते होते. तींच पांढरीं डोकीं, तेच दोन पट्टे, तोच भांडखोर आवाज. कुंभारगांवला थव्यानें वावरणारे हे पक्षी तेथें जोडीजोडीनें होते, आणि मागें पिवळसर लवेचीं पिलें पाण्यावर रांगेनें चाललेलीं. हेच पक्षी आमच्याकडे येतात असें म्हणण्यास कांहीं आधार नाहीं. मुलुख मोठा आहे आणि पक्षी पुष्कळ आहेत. तरी माझी पत्नी त्यांच्याकडे पाहून म्हणाली, “इकडे काय शहाण्यासारखे वागतात, आणि आपल्याकडे येऊन हरभरा खातात.” आम्हीं दोघांनीं निरनिराळे मोजलें. दम लागत होता, त्यामुळें आंकडे कुजबुजून मोजावे लागत होते.

परत आल्यावर मेहुणे दारांतच वही घेऊन बसले होते. प्रकृति, रस्ता, खर्च यांपैकीं कांहीं न विचारतां त्यांनीं पहिला प्रश्न केला, “दाजी, पिलें किती?” मीं चौदा सांगितलीं. “पंधरा होतीं,” त्यांची अक्का आंतून म्हणाली. त्यांनीं तारीख घालून दोन्ही आंकडे वहींत लिहिले, आणि पुढच्या ओळींत नोव्हेंबर महिन्यासाठीं जागा मोकळी सोडली.